श्वासोच्छ्वास आणि यंत्राची साक्ष
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



बायोफीडबॅकच्या सॉफ्टवेअरने श्वासोच्छ्वासाची नोंद कशी ठेवावी आणि तो कसा सुधारावा, हा विषय कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस नेमून दिला, तेव्हा बैठकीत थोडी खसखस पिकली होती असे ऐकतो. ज्या घरांतील आजोबा पहाटे संध्येस बसून, नाक धरून प्राणायाम करीत, त्याच घरांतील नातवांनी श्वास घेण्यास संगणकाकडून शिकावे, ही गोष्ट वरकरणी हसण्यासारखी आहे खरी. तथापि आज आपल्यापैकी कित्येक घरांत परदेशस्थ मुलामुलींनी धाडलेली मनगटी घड्याळे, कानाच्या पाळीला लावावयाचे चिमटे, छातीवर बांधावयाचे पट्टे आणि त्यांच्या जोडीने मोबाइलमध्ये उतरवून घ्यावयाची सॉफ्टवेअरे येऊन पडली आहेत. काही घरी ती कपाटात धूळ खात आहेत, तर काही घरी तीच वैद्य होऊन बसली आहेत. या दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. दुसरीची आम्हांस अधिक धास्ती वाटते.

आम्ही डॉक्टर नव्हे. वागळे इस्टेटीतील एका कारखान्यात दाबमापके व तापमापके तपासण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढ्यापुरताच आमचा अधिकार समजावा.

प्रथम बायोफीडबॅक म्हणजे काय ते पाहू. शरीरात जी घडामोड अखंड चालते, पण एरवी आपणांस कळत नाही, ती यंत्राने टिपावी आणि त्याच क्षणी आकृतीच्या अथवा ध्वनीच्या रूपाने त्याच माणसास परत दाखवावी. ती पाहून तो माणूस तिच्यात पालट करावयास शिकतो. तंबोरा जुळविणारा शिष्य ऐकतो आणि खुंटी पिळतो, पुन्हा ऐकतो आणि पुन्हा पिळतो, त्यातलाच हा प्रकार. श्वास आत गेला की छातीवरील पट्टा ताणला जातो आणि पडद्यावर लाट चढते. श्वास सुटला की ती उतरते. कानाच्या चिमट्यातून प्रकाशाचा बारीक झोत पाळीच्या आरपार जातो. प्रत्येक ठोक्यासरशी तेथील रक्त वाढले की तो अधिक अडतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. काही सॉफ्टवेअरे तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवूनच हे काम साधतात. याहून सूक्ष्म यंत्र रुग्णालयांत असते; ते बाहेर सोडलेल्या हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजते.

आता श्वासच का निवडावयाचा? हृदय आपला हुकूम ऐकत नाही, आतडी ऐकत नाहीत, रक्तवाहिन्या ऐकत नाहीत. श्वास मात्र झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी हवा तेव्हा आपल्या ताब्यातही येतो. शिवाय तो हृदयाशी बांधलेला आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित् जलद होते, सोडताना ती मंदावते; मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची मज्जा हे काम पाहते. निवांत बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण १२ ते २० श्वास घेतो. तो वेग उतरवीत उतरवीत ६ च्या आसपास आणला, म्हणजे एका श्वासास दहा सेकंद दिले, तर नाडीचे हे चढणे-उतरणे सर्वांत मोठे होते. कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचीही स्वतःची लय दहा सेकंदांच्याच जवळपासची आहे. झोपाळ्यास नेमक्या वेळी हात लावला की थोड्या जोराने मोठा झोका जातो, तसे हे आहे. कोणास ५ श्वास मानवतात, कोणास साडेसहा; ज्याची त्याची लय शोधून देणे, हे या सॉफ्टवेअरचे खरे काम.

हे सारे पश्चिमेकडून आयात झालेले ज्ञान आहे अशी कोणाची समजूत असेल, तर त्यांनी कल्याणहून घाट चढून लोणावळ्यास जावे. जगन्नाथ गणेश गुणे या नावाचे गृहस्थ अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झाले. योगाची क्रिया गुरूने सांगितली म्हणून खरी मानावी, यावर त्यांचे समाधान होईना. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांकडून उड्डियान व नौली करवून क्ष-किरणांखाली ती पाहिली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापिला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. नौली करताना मोठ्या आतड्यात जी निर्वात अवस्था उत्पन्न होते ती त्यांनी दाबमापकाने मोजली आणि आपले गुरू माधवदासजी यांचे नाव तिला दिले. दाबमापकाशी आमचा जन्माचा संबंध असल्यामुळे ही हकीगत आम्हांस विशेष प्रिय आहे, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

परंतु आजच्या विषयास अधिक उपयोगी आहे ते त्यांचे प्राणायामाविषयीचे संशोधन. दीर्घ श्वास घेतला की अधिक प्राणवायू मिळतो आणि म्हणून प्रकृती सुधारते, असे तेव्हाही सर्व लोक मानीत, आजही मानतात. स्वामीजींनी आत घेतलेली व बाहेर सोडलेली हवा तपासली. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या जादा साठ्यात शोधू नये, मज्जासंस्थेवरील त्याच्या परिणामात शोधावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. योगाच्या अभिमान्याने योगासंबंधीची लोकप्रिय समजूत स्वतःच मोजून बाजूस सारावी, याला धैर्य लागते.

त्यांच्या हयातीतच अशी आणखी एक परीक्षा झाली. आपण इच्छेने हृदय थांबवू शकतो असे काही योगाभ्यासी सांगत. १९५७ साली वेंगर व बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतून नोंदयंत्रे घेऊन हिंदुस्थानात हिंडले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद यांच्यासह १९६१ साली त्यांनी आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. श्वास कोंडून छाती व पोट आवळल्यावर मनगटाची नाडी हाताला लागेना, छातीवरचे ठोके ऐकू येईनात. परंतु विद्युत्-आलेखावर हृदय आपले काम करीतच होते. हृदय थांबले नव्हते, त्याकडे परत येणारे रक्त तेवढे रोखले गेले होते. बोटांना जे खोटे वाटले नाही ते यंत्राने उघड केले. यात योगाचा अवमान झाला असे आम्हांस वाटत नाही.

पुढचे पाऊल पडले ते आपल्या मुंबईत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या ४७ रुग्णांस शवासन शिकविले आणि त्याचे फलित १९६९ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या सहकाऱ्यांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. हे शवासन म्हणजे नुसते आडवे पडणे नव्हे. पोटाने चालणारा संथ श्वास आणि त्यावर ठेवलेले लक्ष हा त्याचा गाभा. कित्येकांचा दाब उतरला, काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. १९७३ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल या भारतीय वंशाच्या डॉक्टरीणबाईंनी शिथिलीकरणाला बायोफीडबॅक यंत्राची जोड देऊन २० रुग्णांवर प्रयोग केला आणि १९७५ साली तुलनेचा वेगळा गट ठेवून तो पुन्हा पडताळून पाहिला. इकडे डॉ. दात्यांनीही १९८० साली रक्तदाब व मानसिक ताण यांवर बायोफीडबॅकचे शिक्षण कितपत उपयोगी पडते, यासंबंधी लेख लिहिला. म्हणजे ज्या वस्तूस आपण कालपरवाची नवलाई समजतो, ती परळास चाळीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आज ते यंत्र खिशात मावते, एवढाच काय तो फरक.

या संदर्भात एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी या इटालियन वैद्यांचा एक प्रबंध आला. त्यांनी २३ निरोगी माणसांकडून कॅथलिक पंथाची लॅटिन जपमाळ म्हणवून घेतली आणि बौद्धांचा मंत्रही म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटास ६ च्या आसपास आली आणि नाडी व रक्तदाब यांच्या लाटा एका तालात चालू लागल्या. ज्यांस यंत्र ठाऊक नव्हते त्यांनी कानाने आणि अनुभवाने तीच लय धरून ठेवली होती! आपल्याकडे गणपतीत मंत्रपुष्पांजली चालू झाली की काय होते ते आठवावे. ऐंशीच्या घरातले काका एका श्वासात लांबच लांब स्वर नेतात आणि इंजिनियर झालेला नातू मध्येच दोनदा हवा भरून घेतो. तो पाठांतरात कमी पडत नाही, श्वास सोडण्यात कमी पडतो. श्वास घेणे कोणासही येते. सावकाश सोडणे शिकावे लागते.

सोडणे का महत्त्वाचे, ते आपल्या नित्याच्या अनुभवाने सांगतो. डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी पकडणारा माणूस दारातल्या गर्दीत छातीच्या वरच्या भागाने आखूड, भराभर श्वास घेत उभा असतो आणि कचेरीत पोचला तरी त्याचा श्वास गाडीतलाच राहतो. असा श्वास गरजेपेक्षा अधिक झाला म्हणजे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. त्यामुळे मेंदूकडील रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडते, आणि ‘हवा पुरत नाही’ असे वाटून तो आणखीच जोराने श्वास घेतो. हे दुष्टचक्र पडद्यावर डोळ्यांनी दिसले तर ते मोडणे सोपे जाते; येथे बायोफीडबॅकचा उपयोग निःसंशय आहे. मात्र छातीतील दुखणे हे श्वासाचेच असेल असा तर्क घरच्या घरी कोणी करू नये. ते प्रथम डॉक्टरांस दाखवावे, आलेख काढावा, मग श्वासाकडे वळावे.

येथवर यंत्राची बाजू सांगितली. आता ज्या कारणास्तव आम्ही हे व्याख्यान स्वीकारले ते सांगतो. हकीगत डोंबिवली पूर्वेकडील आपल्याच एका सभासद-कुटुंबातील आहे. त्या घरच्या संमतीने, नाव न घेता सांगत आहोत. त्या काकूंस वीस वर्षांचा दमा. सकाळ-संध्याकाळ ओढावयाचा प्रतिबंधक पंप चालू होता. चिरंजिवांनी परदेशातून कानाचा चिमटा आणि सॉफ्टवेअर धाडले. काकू शिस्तीच्या, रोज वीस मिनिटे बसू लागल्या. महिन्या-दोन महिन्यांत मन स्वस्थ झाले, झोप सुधारली, जिना चढताना वाटणारी भीती कमी झाली. हे सर्व खरे होते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी पंप बंद केला.

मुलाने फोनवर विचारले, “अगं आई, डॉक्टरांना विचारलंस का?”

“त्यांना काय विचारायचंय? पडद्यावर सगळं हिरवंगार दिसतंय. यंत्र काय खोटं बोलतं का रे?”

जानेवारीच्या एका रात्री त्यांस धाप लागली, ती इतकी की एक वाक्य पुरे करता येईना. रुग्णालयात नेले, प्राणवायू लावला, चार दिवस ठेवून घेतले. काकू आज सभागृहात बसल्या आहेत, ही देवाची कृपा आणि त्या रात्री रिक्षा आणणाऱ्या शेजाऱ्यांची.

यंत्र खोटे बोलले नव्हते. ते नाडीची लय मोजत होते आणि ती लय उत्तम होती. दम्यात आतून सुजतात त्या श्वासनलिका, आणि त्यांची सूज कानाच्या पाळीवर दिसत नाही. कारखान्यात आम्ही शिकाऊ मुलांस पहिल्या दिवशी हेच सांगत असू, की काटा कोणत्या नळीवर बसवला आहे ते आधी पाहा, मग आकडा वाचा. श्वासनलिका किती मोकळ्या आहेत ते पाहण्यासाठी पीक फ्लो मीटर नावाची साधी, स्वस्त नळी मिळते. तीत जोराने फुंकले की आकडा कळतो. दम्याच्या घरी चिमट्याआधी ती असावी.

शास्त्रज्ञांनाही हा धडा घ्यावा लागला आहे. अमेरिकेतील पॉल लेहरर हे या विद्येचे मोठे जाणकार. २००४ साली त्यांनी दम्याच्या रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात बायोफीडबॅक शिकलेल्यांस औषध कमी लागले, असे आढळले. साहजिकच आशा वाढली. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न रोखठोक विचारला: दम्याच्या स्टेरॉइड पंपाऐवजी हे चालेल काय? २०१८ साली त्याचे उत्तर छापले गेले, ते ‘नाही’ असे. ज्याने आयुष्य या विद्येस दिले त्यानेच ही मर्यादा जाहीर केली. कुवलयानंदांच्या पंगतीस बसण्याची योग्यता ती हीच. जाहिरात करणारे २००४ चा प्रयोग सांगतात. २०१८ चा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही तो आज मुद्दाम सांगितला.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. श्वास कितीही संथ केला तरी आत येणारी हवा जी आहे तीच राहते. आपण औद्योगिक वसाहतीच्या कुशीत राहतो. डोंबिवलीत २६ मे २०१६ चा आणि २३ मे २०२४ चा, असे दोन भीषण स्फोट आपण पाहिले. रसायनांचा वास रात्री खिडकीतून येतो तो सॉफ्टवेअरला कळत नाही. कल्याणच्या मंडळींना आधारवाडीच्या कचऱ्याच्या आगींचा धूर विसरता येणार नाही. त्या वासाची तक्रार वेळ, वार घालून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करणे, हाही श्वासाच्या अभ्यासाचाच भाग आहे असे आम्ही मानतो. आपल्या शाखांतून अशी किती पत्रे गेली, हा प्रश्न चिटणीसांकडे सोपवून पुढे जातो.

मग हे सॉफ्टवेअर वापरावे कसे? जेवणानंतर लगेच बसू नये. पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसावे. एक हात पोटावर ठेवावा आणि तोच हलू द्यावा. नाकाने सुमारे चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. श्वास संथ करावा, मोठा करू नये. ‘दीर्घ श्वास’ या शब्दाने फसून पुष्कळ लोक हवा ओतून घेतात आणि त्यांस घेरी येते. घेरी आली, मुंग्या आल्या की थांबावे. कुंभक हृद्रोगी, रक्तदाबाचे रुग्ण व गर्भवती भगिनी यांनी पडदा पाहून मुळीच करू नये. तो गुरूपाशी शिकावयाचा विषय आहे. आणि ज्यांस आकड्यांची काळजी लागते, रात्री उठून घड्याळ पाहावेसे वाटते, त्यांनी यंत्र दूर ठेवलेले बरे. अशा माणसास आरसा दाखवला की तो आणखी घाबरतो.

तीन-चार आठवडे यंत्रासमोर बसल्यावर एक परीक्षा घ्यावी. पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून पाच मिनिटे श्वास घ्यावा आणि मग मागे वळून आलेख पाहावा. लाट पहिल्यासारखी आली असेल, तर यंत्राचे काम झाले. ते दुसऱ्या घरी द्यावे. आली नसेल, तर पुन्हा आठ दिवस. सायकल शिकविणारा मागून धरलेला हात केव्हा सोडतो ते मुलाला कळतही नाही, तशी ही सुटका व्हावी. वर्षानुवर्षे पैसे भरून तेच सॉफ्टवेअर चालू ठेवणारा मनुष्य श्वास शिकला की वर्गणी भरावयास शिकला, ते त्याने स्वतःशी ठरवावे. शिवाय आपल्या नाडीची नोंद कोठे जाऊन साठते, हेही सॉफ्टवेअर उतरवून घेताना मुलांकडून वाचून घ्यावे. दहा पाने न वाचता ‘मान्य’ म्हणण्याची सवय आपणां सर्वांनाच आहे.

ज्यांस यंत्र घ्यावयाचे नाही त्यांचे काही अडत नाही. सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ पुरते. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आहे, अंबिका योग कुटीर आहे. तेथे माणूस माणसास शिकवितो. चर्नी रोडला समुद्रकाठी कैवल्यधामचे १९३६ साली उघडलेले केंद्र आहे. लोणावळ्यास जाणे झाले तर तेथील आश्रमास अवश्य भेट द्यावी. चिक्कीच्या दुकानांहून तो फार लांब नाही.

कार्यकारी मंडळाने आमच्या विनंतीवरून कानाचे दोन चिमटे आणि एक पीक फ्लो मीटर खरेदी करण्याचे मान्य केले आहे. पीक फ्लो मीटरला प्रत्येकासाठी वेगळे मुखनळे राहतील. पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी ९ ते ११ या वेळात ही साधने ज्ञातिगृहाच्या वाचनालयात उपलब्ध होतील. ज्ञातीतील दोन डॉक्टर आळीपाळीने हजर राहण्यास तयार झाले आहेत. साठीच्या पुढील सभासदांस पहिली पाळी. येताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर आणावी, आणि पंप वापरणाऱ्यांनी पंपही आणावा.